चौतीस फुल्या

माझी सून एडिथ माझ्या चुकीत वाटा मागते, हे मला खपत नाही.

प्रार्थना आटपून चॅपलमधून बाहेर पडताना कुणी बाई माझ्याकडे तिरकं बघायला लागली, की ही मध्ये येऊन उभी राहते आणि मऊ आवाजात म्हणते, "माझंच चुकलं हो. मी नीट सांगायला हवं होतं." कुणी विचारलं होतं हिला? तीन महिने हेच चाललंय. सकाळचा पहिला चहा मला, चुलीजवळची खुर्ची मला, मटणाच्या रश्श्यातला चांगला तुकडा मला. आवाज म्हणून चढत नाही. मी माझ्या सासूशी बावीस वर्षं भांडले, आणि ती गेली तेव्हा सगळ्या घरात मीच जास्त रडले. हिच्याशी भांडायला जावं तर उशीवर बुक्की मारल्यासारखं होतं. हात आत जातो आणि लागत कुणालाच नाही.

आता झालं काय ते सांगते. माझ्या बाजूने सांगणार नाही, कारण माझी बाजूच नाही.

आम्ही खालच्या ओळीत राहतो, ब्लॅकबट खाणीच्या मजूरघरांच्या. वेल्समधून इथे न्यू साउथ वेल्सला आलो तेव्हा गोमर तीन वर्षांचा होता आणि ओळीत सहाच घरं होती. माझा नवरा आयव्हर सात वर्षांपूर्वी याच खाणीत गेला. त्याच्या जागेवर छताला लाकडाचे टेकू हवे होते. तो आठ दिवस मागत होता. टेकू आले, त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चांगले सरळ, ताजे, डिंकाचा वास येणारे. गोमरने ते गाडीवरून उतरताना बघितले आणि त्या दिवसापासून हसणं कमी केलं.

पुढे मजुरांनी गोमरला काट्यावर बसवलं. वर आलेला कोळशाचा प्रत्येक डबा कंपनीचा माणूस तोलतो, आणि त्याच्याशेजारी मजुरांचा माणूस बसून बघतो की काटा खरं बोलतोय ना. तिथे भांडकुदळ माणूस चालत नाही आणि भित्राही चालत नाही. गोमर पाच वर्षं बसला. मग या १९०४ च्या जुलैत युनियनने त्याला सिडनीच्या विधानसभेसाठी मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून उभा केला. समोर होता ऑर्लंडो टिल्स्ली. लिलाववाला. गाई, नांगर, मेलेल्या माणसाचं कपाट, काहीही विकायचा, आणि बोलायचाही तसंच, समोरच्याला विचार करायला वेळ न देता. गोमर टेकूंच्या कायद्याबद्दल बोलला की म्हणायचा, "मालकांना फार छळाल तर खाणीच बंद होतील, मग टेकू कशाला लावणार, आकाशाला?" लोक हसायचे. आमचेही हसायचे, मेले.

उभं राहायचं म्हणून गोमरने काट्यावरची जागा सोडली. ती लगेच दुसऱ्याला दिली गेली. खाणीचे मॅनेजर मिस्टर स्क्रिव्हन यांनी त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं, "प्रॉसर, निवडून आलास तर मी तुला टोपी काढून सलाम करीन. पडलास तर या खोऱ्यातल्या एकाही खाणीत तुला खोरं मिळणार नाही. मी स्वतः बघेन." गोमरने हे जेवताना सांगितलं, गंमत म्हणून. एडिथच्या हातातली पळी थांबली. मी म्हटलं, "मग निवडून ये."

"येतो की," गोमर म्हणाला. "आपल्या केंद्रावर टिल्स्लीला वीस मतं पडली तरी डोक्यावरून पाणी. फक्त बायकांनी बाहेर पडायला हवं, आई."

"बायका माझ्यावर सोड."

तो म्हणाला, "सोडल्या."

हे शब्द मला आता अंथरुणात ऐकू येतात.

बायकांचं असं होतं. मागच्या डिसेंबरात सगळ्या देशाची निवडणूक झाली, आणि आम्ही बायकांनी जन्मात पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा खालच्या ओळीतली एकही बाई जायला तयार नव्हती. केझाया प्यू तर म्हणाली, "मार्गेड, पोलिसांच्या समोर पेन्सिल धरायची? माझ्या हाताला घाम येईल." मी चॅपलच्या मागच्या खोलीत, बुधवारच्या शिवणाला, पाटी आणली. आमच्या पाळकांना विचारून घेतलं होतं. पाटीवर नाव, नावापुढे चौकोन, चौकोनात फुली. एकेकीकडून दहादहा वेळा काढून घेतली. आणि त्या दिवशी आम्ही काळ्या टोप्या घालून दोनदोनच्या रांगेत गेलो, चौतीस बायका, आणि एकीचाही कागद वाया गेला नाही. पाळकांनी रविवारी नाव न घेता माझा उल्लेख केला. नाव कशाला घ्यायला हवं होतं, सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

तेव्हापासून मत म्हणजे फुली, आणि फुली म्हणजे मार्गेड प्रॉसर.

आणखी एक सांगायला हवं. मला वेल्श बायबल वाचता येतं, सावकाश. इंग्रजी वाचता येत नाही. बोलते, वाचता येत नाही. हे फक्त आयव्हरला माहीत होतं. तो रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायचा, त्याच्यानंतर गोमर वाचू लागला, त्यामुळे विचारायची वेळ कुणावर आली नाही. दुपारी मी पेपर उघडून बसते. एडिथ आली की पान उलटते. 'प्रॉसर' हे नाव कसं दिसतं ते मला आयव्हरच्या थडग्यावरच्या दगडावरून पाठ आहे.

एडिथ शिकलेली. लग्नाआधी आमच्या शाळेत धाकट्या पोरांना शिकवायची. बाप इंग्रज, आमच्या चॅपलचा नव्हे, इंग्रजांच्या सरकारी चर्चचा. मी लग्नाला हो म्हटलं, पण पहिल्या दिवशीच तिला सांगितलं की या घरात शाळा भरणार नाही. तिने ते ऐकलं. इतकं ऐकायला नको होतं.

मतदानाच्या आधीचा बुधवार. मागच्या खोलीत सगळ्या जमलेल्या, मी पाटी घेऊन उभी. म्हटलं, "डिसेंबरात केलं तेच करायचं. फरक इतकाच की या खेपेला नाव माझ्या मुलाचं आहे, तेव्हा फुली जरा ठसठशीत काढा. दिसली पाहिजे."

बायका हसल्या. एडिथ कप मांडत होती. ती वळली आणि म्हणाली, "आई, या वेळी फुली नाहीये."

"काय नाहीये?"

"राज्याच्या निवडणुकीत फुली नसते. नको असलेलं नाव रेघ मारून खोडायचं. टिल्स्लींचं नाव खोडायचं आणि गोमरचं तसंच ठेवायचं."

केझायाने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या माणसाच्या नावाला हातच लावायचा नाही? त्या परक्याच्या नावावर पेन्सिल झिजवायची, आणि आपला माणूस कोरडा? हा कुठला न्याय?"

"न्याय नाही आई, नियम आहे."

"एडिथ," मी म्हटलं, "लग्नाआधी तू पोरांना शिकवायचीस, ते ठीक. इथे बसल्यात त्या पोरी नाहीत. यांनी तुझ्या वयाची पोरं जन्माला घातलीत. चहा थंड होतोय."

मोठ्याने हसल्या सगळ्या. एडिथची मान लाल झाली. तिने कप वाटले, एकेकीला, साखर विचारून, आणि नंतर त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. तिथेही नाही, घरीही नाही. तिला वाटलं, केंद्रात भिंतीवर सूचनांचं कार्ड लावतात, तिथे सगळ्या वाचतीलच. तिला वाटलं, मी वाचेन.

आणि पुरुषांनी का नाही सांगितलं म्हणाल, तर त्यांना सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ते बापाच्या काळापासून नावं खोडत आलेले. त्यांना ते बुटाची नाडी बांधण्यासारखं. गोमर प्रत्येक सभेत म्हणायचा, "काय करायचं ते तुम्हाला माहीतच आहे," आणि सगळे होय म्हणून ओरडायचे. मीही ओरडले आहे.

शनिवारी, ऑगस्टच्या सहा तारखेला, पश्चिमेचा वारा असा सुटला होता की पत्रे उडतील की काय. आम्ही चौतीस बायका शाळेपर्यंत टोप्या धरून चढलो. एडिथ सकाळीच मत देऊन आली होती. गोमरबरोबर दुसऱ्या केंद्रांवर गाडीतून जायचं होतं तिला. मी सगळ्यांत आधी आत गेले. टेबलामागे कारकून होता, परगावचा, सर्दीने बेजार. त्याने कागद दिला आणि म्हणाला, "सूचना वाचल्यात ना, बाई? भिंतीवर आहेत."

मी भिंतीकडे बघितलं. कार्ड होतं. मोठ्या अक्षरांत होतं.

"वाचल्या," मी म्हटलं.

आडोशामागे गेले. कागदावर दोन नावं. प्रॉसर वर, दुसरं खाली. पण चौकोन नव्हते. डिसेंबरात चौकोन होते, इथे एकही नव्हता. मी कागद उलटून मागे बघितलं. तेव्हा, खरं सांगते, एडिथचं बोलणं डोक्यात आलं. एवढंसं आलं, एखाद्या माशीसारखं. आणि मी ते हाकललं. म्हटलं, राज्य सरकार चिकट आहे, चौकोन छापायला शाई नसेल. आणि बाहेर जाऊन त्या सर्दीवाल्याला विचारायचं म्हणजे 'वाचल्या' म्हटलं ते खोटं ठरणार, आणि दारात केझाया उभी.

मी माझ्या मुलाच्या नावावर फुली मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेन्सिल दाबून, दोन वेळा.

बाहेर येऊन बायकांना सांगितलं, "चौकोन नाहीयेत. सरळ नावावरच मारा. वरचं नाव."

त्यांनी मारल्या. एकेक आत जायची, बाहेर येऊन माझ्याकडे बघून मान हलवायची. शेवटी आलेल्या म्हाताऱ्या बेटसन रीसने माझा हात धरला आणि म्हणाली, "चांगली जाड काढली ग, मार्गेड. तुझ्या पोरासाठी."

मोजणी संध्याकाळी झाली. आमचं केंद्र लहान, आणि बाकीच्या गावांचे आकडे तारेने येऊन सभागृहाबाहेरच्या फळीवर खडूने लिहिले जात होते. गोमर मागे होता, पण शंभराच्या आत. आमचं केंद्र ते सहज भरून काढणार होतं. ब्लॅकबटचा आकडा यायचा होता आणि लोक आत्ताच त्याची पाठ थोपटत होते. मग खडूवाला आला आणि त्याने लिहिलं. प्रॉसर १३१, टिल्स्ली ५८.

मला आकडे वाचता येतात.

आमच्याकडे टिल्स्लीला अठ्ठावन्न? खाली बेरीज मांडली. टिल्स्ली ८१२, प्रॉसर ७८९. तेवीस मतांनी.

टिल्स्लीच्या माणसांनी टोप्या उडवल्या. तेवढ्यात मोजणीला बसलेला आमच्या युनियनचा अ‍ॅमॉस ट्रिब दारातून बाहेर आला, पांढराफटक. गोमरने विचारलं, "काय झालं आत?"

"मी भांडलो, गोमर. देवाशपथ भांडलो. पण ते म्हणतात, ज्याचं नाव खोडलं तो गेला आणि उरला त्याचं मत. रेघेने खोडा नाहीतर फुलीने."

"पण झालं काय?"

"चौतीस कागद," अ‍ॅमॉस म्हणाला. "चौतीस कागदांवर तुझ्या नावावर फुल्या. रेघ नाही, फुल्या. अशा दाबून की कागद फाटायचा बाकी. मी अशी मतं कधी बघितली नाहीत, गोमर. नको असलेल्या माणसाला लोक साधी रेघ मारतात. हे ज्यांनी केलंय ना, ते तुझा मनापासून द्वेष करतात."

वारा तसाच चालला होता. लोकांमधून एडिथने माझ्याकडे बघितलं. तिला त्याच क्षणी कळलं, आणि मला कळलं की तिला कळलंय. मी वाट बघितली. आता बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल, मी हिच्या जागी असते तर बोलले असते. ती माझ्याजवळ आली, माझी शाल नीट केली आणि म्हणाली, "चला आई, गारठलात."

मी तेव्हा बोलू शकत होते. तोंड मलाही होतं, आणि माझं तोंड लहान आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. मी घरी गेले.

सोमवारी अधिकृत निकाल वाचून दाखवला. टिल्स्लीने भाषण केलं, गोमरने हात मिळवला, आणि खाली उतरल्यावर तो माणसांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागला. तिथून ते सुरू झालं. चौतीस माणसं. आपल्याच ओळीतली, आपल्याबरोबर खाली उतरलेली, बाबांची शवपेटी उचललेली. यातले चौतीस कोण? तो जेवताना नावं घ्यायचा. "जेब मॉर्गन. संपाच्या वेळी मी त्याला चारचौघांत बोललो होतो." "वरच्या ओळीतला तो लंगडा." एडिथ रश्श्यात चमचा फिरवत राहायची आणि मी पाव कापत राहायची.

मिस्टर स्क्रिव्हननी शब्द पाळला. गोमर तीन खाणींवर गेला, तिन्ही ठिकाणी जागा भरलेली. चौथ्या खाणीवर तर त्याच्यासमोर दुसऱ्या माणसाला घेतलं.

पण त्याने तो खचला नाही. खचला तो एनोखमुळे. एनोख प्यू, केझायाचा नवरा. गोमर बारा वर्षांचा असल्यापासून हे दोघं एकाच जागेवर कोळसा फोडायचे. एनोख खाणीच्या फाटकाशी त्याला म्हणाला, "हरलास तर हरलास. तू आमचाच." आणि गोमर सगळ्यांसमोर म्हणाला, "चौतीसांतला तू कितवा?"

एनोखने पुढे केलेला हात खाली घेतला. घरी जाऊन, म्हणे, जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी केझाया माझ्याकडे आली. दारातच उभी. "मार्गेड, तुझ्या पोराचं डोकं फिरलंय काय? माझा नवरा बायबलवर हात ठेवून सांगतो, त्याने टिल्स्लीचं नाव खोडलं. एक सरळ रेघ. दुसरं काही केलं असेल तर माझे डोळे जावोत म्हणाला."

मी पिठात पाणी घातलं.

"रेघ," केझाया म्हणाली, आणि थांबली. "रेघ का ग? आपण तर फुली..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पीठ मळत होते, मळत राहिले. तिचा हात हळूच तोंडाकडे गेला.

"किती होतो ग आपण?" तिने विचारलं.

"घरी जा, केझाया."

"मार्गेड, किती होतो?"

"तुला मोजता येतं. घरी जा."

ती गेली. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. ती माझ्या पाटीवर शिकली होती, आणि तिलाही लाज होतीच. असं एकेकीला कळत गेलं. चौतीस घरांत चौतीस बायका गप्प बसल्या, आणि चौतीस घरांतले पुरुष एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. पंधरा दिवस. युनियनच्या सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या म्हणे. मी घरात बसून विचार करायची, आज सांगते, उद्या सांगते, त्याचा राग उतरल्यावर सांगते.

राग उतरला नाही. गोमरने पश्चिमेकडे, सोन्याच्या खाणींवर जायचं ठरवलं. तिथे त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. जवळच्या न्यूकॅसल बंदरातून बोट, पुढे काय मिळेल ते. जागा लागली की एडिथला बोलावणार होता.

जायच्या सकाळी त्याने वळकटी बांधली. घोडागाडी चढावाच्या खाली थांबली होती. खिडकीतून दिसलं, एनोख रस्त्याच्या पलीकडे उभा होता, हात खिशात घालून, आमच्या दाराकडे बघत.

"बघ," गोमर म्हणाला. "मी खरंच जातोय ना ते बघायला आलाय."

मी म्हटलं, "त्या फुल्या माझ्या."

"काय?"

"त्या चौतीस फुल्या. एक मी मारली, बाकीच्या मी मारायला लावल्या. चॅपलच्या बायका. आम्हाला वाटलं, मत म्हणजे फुली."

तो वळकटीवर बसला. मग विचारलं, "दाबून मारलीस?"

"दाबून. नीट दिसावी म्हणून. तुझं नाव होतं."

त्याच्या घशातून एक आवाज आला. हसण्यासारखा होता, पण हसणं नव्हतं. "भिंतीवर कार्ड होतं, आई. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं."

"मला इंग्रजी वाचता येत नाही."

माझ्या मागे एडिथ म्हणाली, "अहो आई, पण पेपर..." तिला तोवर माहीत नव्हतं. तिला फुल्या माहीत होत्या, हे माहीत नव्हतं.

गोमरने मान वर केली. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "तुला ठाऊक होतं?"

"फुल्यांचं, हो."

"कधीपासून?"

"त्या शनिवारपासून."

"मी रोज इथे बसून माणसांची नावं घेत होतो. एनोखचं घेतलं. तू ताटात वाढत होतीस."

"आईंची लाज जाईल म्हणून," एडिथ म्हणाली. "मला वाटलं, त्या स्वतः सांगतील. त्यांचं सांगायचं आहे, माझं नाही, असं वाटलं मला."

तो उठला, वळकटी खांद्यावर घेतली. आम्हा दोघींपैकी कुणाला जवळ घेतलं नाही. बाहेर गेला, रस्ता ओलांडला आणि एनोखसमोर उभा राहिला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. फार नसेल. एनोखने वळकटी त्याच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघं चढाव उतरून गेले. गोमरने मागे वळून बघितलं नाही. मी फाटकाशी उभी होते, गाडी गेल्यावरही.

त्यानंतर त्याची दोन पत्रं आली, दोन्ही एडिथच्या नावाने. तिने मला वाचून दाखवली. ऊन आहे, पाणी विकत मिळतं, जमिनीखाली काम मिळालं. तिथल्या छताचा त्याला भरवसा वाटत नाही. माझ्याबद्दल एक ओळ तिने वाचली, ती वाचताना अडखळली, म्हणून मला कळलं की ती ओळ पत्रात नाही, तिनेच रचलीय.

आणि मग गेल्या आठवड्यात ब्लॅकबटच्या दोन नंबरच्या बोगद्यात छत बसलं. दोन माणसं. एक बेटसन रीसचा नातू, एकोणीस वर्षांचा. टेकू नव्हते. टिल्स्ली सिडनीत आहे, त्याने तारेने शोक कळवला.

काल पुरलं त्यांना. उन्हाने डोकी फुटत होती. दफनभूमीच्या फाटकाशी चॅपलच्या बायका थांबल्या होत्या, आणि या वेळी कुणी तिरकं बघत नव्हतं, सगळ्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. फक्त बेटसनने माझ्याकडे बघितलं नाही. आणि एडिथ, नेहमीसारखी, पुढे झाली. "बेटसनबाई," तिचा आवाज मऊ, रडवेला, "माझंच चुकलं हो. मी त्या बुधवारी..."

"पुरे," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "बेटसन, हिने त्या बुधवारी खरं सांगितलं होतं. तुम्ही सगळ्या होतात तिथे. मी हिचं हसं करून हिला गप्प बसवलं. आणि भिंतीवरचं कार्ड मला वाचता आलं नाही, कारण मला इंग्रजी येत नाही, कधीच येत नव्हतं. तुला कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर मला दे."

बेटसनने शिव्या दिल्या नाहीत. नातवाची टोपी हातात घट्ट धरून ती चालायला लागली, आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या. केझाया थोडी रेंगाळली, मग तीही गेली.

आम्ही दोघी घराकडे निघालो. अर्ध्या रस्त्यात एडिथने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तुम्ही असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. दोष दोघींचाही आहे."

मी हात सोडवला आणि उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं. "फुल्या माझ्या, चौतीसच्या चौतीस, त्यातली एकही तुला मिळायची नाही. तुझा गुन्हा वेगळा आहे, तो तू घे. पंधरा दिवस तुझा नवरा आपल्याच माणसांना वैरी समजत होता, आणि तू सासूची लाज झाकत बसलीस. मी गप्प बसले ती भित्री म्हणून. तू गप्प बसलीस ती चांगली म्हणून. माझ्या पोराला दोन्ही सारखंच लागलं, एडिथ."